ओतीव गोळीची जुळणी

कोकणात किंवा घाटमाथ्यावर ज्यांच्या घरी शेतराखणीची परवान्याची बंदूक आहे, त्यांना ‘बारा बोअर’ हे शब्द नवे नाहीत. हे बारा कशाचे, असे विचारले तर मात्र बहुतेक जण थबकतात. ते इंच नव्हेत आणि मिलिमीटरही नव्हेत. हे माप शिशाचे आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोल गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी मावेल ती बारा बोअरची नळी. गोळीचे वजन आजही ग्रेनमध्ये सांगतात, म्हणजे मुळात धान्याच्या दाण्यात. ७००० ग्रेनचा एक पौंड. आपल्या सोनाराच्या गुंजेशी ताडून पाहिले तर एक ग्रेन अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त भरतो. शिसे, ओतकाम आणि दाण्यांची वजने यांवर उभी असलेली ही जुनी विद्या अजून जिवंत आहे आणि तिच्या एका शाखेची ओळख करून देण्यासाठी हा प्रस्तावनेचा खटाटोप.

ती शाखा म्हणजे जुन्या धाटणीच्या रायफली आणि रिव्हॉल्व्हर यांसाठीची कठीण ओतीव गोळी. शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून, साच्यात ओतून, अंगावर तांब्याचे कवच न चढवता तयार केलेली. तिचे घर अमेरिकेत आहे. १८७३ सालच्या स्प्रिंगफील्ड रायफलीचे .४५-७० काडतूस, त्याच वर्षीचे कोल्टचे सहाबारी रिव्हॉल्व्हर, विंचेस्टरची खालच्या कड्याला झटका देऊन भरायची रायफल, ही या गोळीची कुळे. तिथे ही हत्यारे, निदान त्यांच्या हुबेहूब नव्या आवृत्त्या, आजही बनतात, विकल्या जातात आणि मैदानावर चालतात. आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळा बाळगणे आणि बनवणे परवान्याच्या चौकटीत बांधले आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. म्हणून वाचकांनी हे लेखन हातात पळी घेण्याच्या तयारीने वाचू नये. धातू, इतिहास आणि कारागिरी यांची आवड एवढीच शिदोरी इथे पुरते.

ती आवड असूनही, बंदुकीच्या गोळीकडे आपण का वळावे, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. मी स्वतः या विषयाकडे बंदुकीच्या नव्हे, छापखान्याच्या वाटेने आलो. छपाईचे खिळे ज्या धातूचे ओतत तो म्हणजे शिसे, कथील आणि अँटिमनी. गोळीचेही घटक तेच तीन. प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. शिसे वजन देते. कथलामुळे रस पातळ होऊन साच्याच्या कानाकोपऱ्यात जातो; कल्हईवाल्याच्या हातची चमक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कथलाचा हा स्वभाव सांगायला नको. अँटिमनी कठीणपणा आणते आणि थिजताना धातू आक्रसतो ते कमी करते, म्हणून अक्षराची कड धारदार उठते. गंमत अशी की शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, अँटिमनी तर ६३० च्या पुढे. पण ८४ भाग शिसे, १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील असे लायनोटाइप या छपाईयंत्राचे मिश्रण केले की ते २४० अंशांच्या आसपासच एकदम पाणी होते. तीन हट्टी भाऊ एकत्र आले आणि तिघेही निवळले, असे काहीसे.

मुंबईत जावजी दादाजी चौधरी यांनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि पाच वर्षांनी निर्णयसागर छापखाना. देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरे शिशात सुबक उतरवण्याचे जे कसब तिथे पणाला लागले, त्याची आठवण ठेवून हा विषय वाचला की तो परका वाटत नाही. १८८६ साली न्यूयॉर्क ट्रिब्यून या वृत्तपत्रात मर्गेनथालरचे लायनोटाइप यंत्र सुरू झाले आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी अशी यंत्रे मोडीत निघाली, तेव्हा त्यांच्या पोटातला धातू अमेरिकेतल्या गोळ्या ओतणाऱ्या हौशी मंडळींनी आनंदाने उचलला. बातम्यांच्या ओळी छापणारे शिसे गोळ्यांच्या साच्यात गेले. उलटा प्रवास वाचायला कुणाला जास्त आवडला असता, पण इतिहास आवडीनिवडी विचारत नाही. खिळे जुळवणारे जुळारी ज्या कामाला ‘जुळणी’ म्हणत, तो शब्द लक्षात ठेवा. पुढे आपल्याला तो लागणार आहे.

आता थोडे मागे जाऊ. ठासणीच्या बंदुकीत गोळी तोंडाकडून घालायची असते, म्हणजे ती नळीपेक्षा थोडी लहान हवी. पण नळीत आटे पाडले असतील तर गोळीने ते घट्ट धरले पाहिजेत, म्हणजे ती लहान असून चालत नाही. या पेचावर फ्रान्सच्या क्लोद मिनिए याने १८४० च्या दशकाच्या अखेरीस उपाय काढला: मऊ शिशाची, बुडाशी पोकळ गोळी. दारू पेटली की दाबाने बूड फुगते आणि आट्यांत बसते. इथे मऊपणा हाच गुण होता. याच कल्पनेवर १८५३ ची एनफील्ड रायफल चालली. तिच्या कागदी काडतुसाला मेण आणि चरबीचा लेप लागे, कारण वंगणावाचून शिसे आणि काजळी यांचे नळीत जमत नाही. त्या चरबीने पुढे काय केले हे मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. जानेवारी १८५७ मध्ये कुजबुज सुरू झाली ती कलकत्त्याजवळच्या दमदमला, आणि १० मे रोजी मेरठ पेटले. अर्थात कारणे अनेक होती. परंतु शिशाच्या गोळीला वंगण का लागते, या कोरड्या वाटणाऱ्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या इतिहासात असे ठसठशीत उमटलेले आहे.

त्याच वर्षी रेल्वेच्या कामासाठी विल्यम एलिस मेटफोर्ड नावाचा एक इंग्रज अभियंता मुंगेरला येऊन पोचला. उठावाच्या धामधुमीत शहराच्या बंदोबस्ताला हातभार लावला, प्रकृती बिघडवून घेतली आणि वर्षभरात परत गेला. मुंगेर हे बंदुका घडवणाऱ्या कारागिरांचे गाव. तिथे त्याने काय पाहिले कोण जाणे. मायदेशी मात्र त्याने रायफलीचे गणितच फिरवले. खोल आट्यांऐवजी उथळ आटे, आणि मऊ शिशाऐवजी कठीण केलेली लांब गोळी. १८६५ च्या सुमारास त्याची स्पर्धेची रायफल आली. कठीण गोळी दाबाने वेडीवाकडी होत नाही, आकार धरून ठेवते आणि लांबवर सरळ जाते, हे तिने दाखवले. गोळीच्या कठीणपणाला प्रतिष्ठा मिळाली ती इथून.

त्या प्रतिष्ठेचा जाहीर सोहळा २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या क्रीडमूरच्या मैदानात झाला. आयर्लंडच्या संघाने अमेरिकेला आव्हान दिले होते. सहा विरुद्ध सहा. ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश नेमबाजांकडे तोंडाकडून भरायच्या रिग्बी रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाने एक गोळी बरोबर मध्यभागी मारली, फक्त ती शेजारच्या लक्ष्यावर. चार गुण गेले. शेवटी अमेरिकेकडून कर्नल बोडाइनची एक गोळी उरली आणि आयर्लंड एका गुणाने पुढे होते. थोड्याच वेळापूर्वी बाटली फुटून बोडाइनचा हात कापला होता. रुमाल बांधलेल्या हातानेच त्याने चाप ओढला आणि पूर्ण चार गुण घेतले. ९३४ विरुद्ध ९३१. एका चुकलेल्या लक्ष्याएवढेही अंतर नाही. या विषयातल्या नवख्याला मी नेहमी याच सामन्यापासून सुरुवात करायला सांगतो. इथे गोळी माणसावर किंवा जनावरावर नव्हे, लोखंडी फळीवर जाते आणि निखळ कारागिरी तेवढी उरते.

पुढचा बदल दारूने घडवला. काळी दारू पेटली की निम्म्याहून अधिक भाग काजळी आणि धूर होऊन उरतो. तिच्या जोरावर .४५-७० ची ४०५ ग्रेनची, म्हणजे सव्वीस ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ४०० मीटर जाई. त्या वेगाला शिशात सोळाव्या किंवा विसाव्या हिश्श्याचे कथील घातले की काम भागे. १८८४ साली पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू केली. वेग आणि दाब एकदम चढले, आणि नुसते शिसे आट्यांवरून घसरू लागले. त्याआधीच स्वित्झर्लंडच्या एदुआर्द रुबिनने गोळीला तांब्याचे कवच घातले होते. आता ते सगळ्यांनाच हवेसे झाले. लष्करापुरती ओतीव गोळीची कथा इथे संपते. एक शेपूट तेवढे राहते. कवचाची गोळी आरपार जाते पण माणूस थांबत नाही, अशी तक्रार सरहद्दीवरून आली. तेव्हा टोकाकडचे कवच उघडे ठेवून मऊ शिसे पुढे आणणारी गोळी १८९० च्या दशकात निघाली ती पुन्हा दमदमच्याच कारखान्यातून. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अशा फुलणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. चाळीस वर्षांत एकाच गावाचे नाव शिशाच्या गोळीशी दोनदा जोडले जावे आणि दोन्ही वेळा अपकीर्तीने, हा योगायोग विलक्षण आहे.

लष्कराने टाकलेली ही विद्या अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी, गुराख्यांनी आणि हौशी माणसांनी जपली. त्यांतले ठळक नाव एल्मर कीथ यांचे. जन्म १८९९, पुढचे आयुष्य आयडाहोच्या डोंगराळ मुलखात. रिव्हॉल्व्हरसाठी त्यांनी सपाट नाकाची, रुंद खांद्याची आणि वंगणाला खोल खाच असलेली गोळी आखली. लायमन कंपनीच्या ४२९४२१ क्रमांकाच्या साच्याने ती घरोघरी पोचली. १९५५ च्या .४४ मॅग्नम काडतुसामागे त्यांचीच अनेक वर्षांची भुणभुण होती. त्याआधी १९३५ साली आलेल्या .३५७ मॅग्नमच्या सुरुवातीच्या शिशाच्या गोळ्यांनी नळीत शिशाचे थर चढवून लोकांना हैराण केले होते. तेव्हापासून एक समजूत रुजली की शिसे चढते कारण गोळी मऊ, तेव्हा गोळी जितकी कठीण तितकी चांगली.

या समजुतीपाशी वाचकांनी थोडे थांबावे, कारण या विषयातला खरा वाद इथेच आहे. कठीणपणा मोजायची रीत स्वीडनच्या योहान ब्रिनेल यांनी १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली: पोलादी गोळी ठराविक भाराने धातूवर दाबायची आणि पडलेला खळगा मोजायचा. त्या मापात शुद्ध शिसे सुमारे ५, कीथ यांचे सोळास एक कथलाचे मिश्रण ११ च्या आसपास, लायमनचे दोन नंबरचे मिश्रण १५ आणि लायनोटाइप २२. म्हणजे ज्यांचे नाव घेऊन कठीण गोळीचा जयजयकार होतो, त्या कीथ यांची गोळी आजच्या बाजारातल्या ‘हार्ड कास्ट’ म्हणजे कठीण ओतीव गोळीपेक्षा चांगलीच मऊ होती! बाजारातली गोळी कठीण का, याचे एक साधे कारण डब्यात आहे. हजारो गोळ्या खोक्यात खडखडत शेकडो मैल जातात. मऊ असतील तर पोचेपर्यंत ठेचकाळतील. वंगणही त्याच हिशोबाने कडक मेणाचे, वाटेत न वितळणारे. व्यापाऱ्याची सोय हळूहळू गुण म्हणून खपू लागली, हे आपल्याला काही नवे नाही.

अनुभवी ओतणाऱ्यांना विचाराल तर ते कठीणपणाच्या आधी जुळणीबद्दल बोलतील. गोळी नळीपेक्षा एखाद्या केसाने मोठी हवी. त्यांच्या भाषेत इंचाचा एक हजारांश, फार तर दोन. लहान पडली की तापलेला वायू बाजूने वाट काढतो, शिशाची कड कापत जातो आणि तो कापलेला रस पुढच्या नळीला फासतो. मऊ गोळी लहान असली तरी दाबाने थोडी फुगून फट बुजवते. फार कठीण गोळी तशीच ताठ राहते आणि वायू तिच्या कडेने सुखाने निघून जातो. म्हणूनच शिसे चढते म्हणून गोळी आणखी कठीण करणारा माणूस कधी कधी दुखणे वाढवून बसतो. रिव्हॉल्व्हरमध्ये तर गोळीला दोन दारे ओलांडावी लागतात: आधी चक्रातल्या कोठ्याचे तोंड, मग नळी. कोठ्याचे तोंड नळीहून अरुंद असेल, तर साच्यातून नेमकी निघालेली गोळी तिथेच पिळली जाते आणि नळीत लहान होऊन पोचते. जुन्या हत्यारांत ही मापे एकाच नमुन्याच्या दोन नगांतही जुळत नाहीत. जुळारी जसा प्रत्येक ओळ वेगळी आवळतो, तसे इथे प्रत्येक नळीशी वेगळे जुळवून घ्यावे लागते. मऊ शिशाचा गुल्ला नळीतून हळूच ढकलून बाहेर काढायचा आणि त्यावरचे आट्यांचे वळ मोजायचे, हा या विद्येतला पहिला धडा. बाकी सगळे त्यानंतर.

कठीणपणाला त्याची जागा आहेच. वेग वाढला, दाब वाढला की मऊ शिसे आट्यांवरून घसरते. तेव्हा अँटिमनी हवी, बुडाला ‘गॅस चेक’ म्हणतात ती तांब्याची छोटी वाटी हवी. ओतल्या ओतल्या पाण्यात टाकलेली अँटिमनीची गोळी, मिश्रणात नावाला सोमल असेल तर, पुढच्या काही दिवसांत आपोआप आणखी कठीण होत जाते. हे रसायन फार सुंदर आहे. अस्वलांच्या मुलखात हिंडणारे लोक जड, सपाट नाकाची कठीण गोळी बाळगतात, कारण ती फुलत नाही, खोल जाते. मात्र अँटिमनी अती झाली की गोळी हाडावर काचेसारखी फुटते. सपाट नाकामागेही नुसती कीथ यांची आवड नाही. विंचेस्टरच्या जातीच्या रायफलीत काडतुसे नळीखालच्या पोंगळीत एकामागे एक झोपलेली असतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर टेकली आणि धक्का बसला, तर ते तिथेच उडू शकते. आकार ठरतो तो असा, सौंदर्यशास्त्राने नव्हे.

या कौतुकात एक गोष्ट दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिसे विष आहे. ओतताना वर येणारी मळी, तिची धूळ, न धुतलेले हात यांतून ते शरीरात जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला सर्वांत जास्त बाधते. जुन्या ओताऱ्यांनी आणि आपल्या छापखान्यांतल्या कामगारांनीही त्याची किंमत मोजली. शिकारीच्या सांगाड्यांतले शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियाचे काँडोर पक्षी मेले. १९८२ साली ते जगात अवघे २२ उरले होते. त्या राज्याने शिकारीत शिशाच्या गोळीवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, ती १ जुलै २०१९ पासून पूर्ण लागू झाली. मला तो निर्णय योग्य वाटतो. विद्येवर प्रेम असले म्हणून तिची बाजू प्रत्येक ठिकाणी घ्यायची नसते.

तेव्हा तुम्ही या विषयात शिरणार असाल तर वाट सुचवतो. सुरुवात वेगाच्या आणि ताकदीच्या तक्त्यांपासून करू नका. ते आकडे एकमेकांसारखे दिसतात आणि लवकर कंटाळा आणतात. आधी एखाद्या संग्रहालयात डागलेली जुनी गोळी भिंगाखाली पाहा. अंगावर आट्यांचे वळ एकसारखे आहेत का, बूड सपाट आहे की एका बाजूने वितळल्यासारखे, वंगणाच्या खाचेत काजळी साचली आहे का, हे बघा. बुडावरचा दोष गोळीला जितका भरकटवतो तितका नाकावरचा भरकटवत नाही, हे डॉ. फ्रँकलिन मान यांनी गोळ्या मुद्दाम विद्रूप करून, डागून सिद्ध केले आणि १९०९ च्या आपल्या ग्रंथात मांडले. त्या चिकाटीच्या माणसाला पहिला मुक्काम द्यावा. कीथ त्यानंतर, त्यांचे गद्य रांगडे, दावे मोठे, पण हात कामाचे आहेत. धातुशास्त्राची पुस्तके सर्वांत शेवटी उघडा, तोवर तुमच्याकडे त्यांना विचारायला प्रश्न असतील.

आणि कधी न्यू मेक्सिकोत रॅटन गावाकडे जाणे झाले, तर काळ्या दारूच्या रायफलींच्या स्पर्धेला जाऊन बसा. १८९६ पूर्वीच्या धाटणीच्या एकबारी रायफली, ओतीव शिशाच्या गोळ्या आणि समोर माळावर पोलादी आकृत्या: २०० मीटरवर कोंबडी, ३०० वर डुक्कर, ३८५ वर टर्की आणि ५०० वर मेंढा. बार होतो, पांढरा धूर नेमबाजाला झाकून टाकतो. जड गोळी आकाशात कमान घेत जायला दीड सेकंद लागतो, आणि ठोक्याचा आवाज परत यायला तेवढाच. त्या तीन सेकंदांत मैदानावर कुणी बोलत नाही.